ओळख न देण्याची नोकरी

बाटलीत गोळ्या वाजू नयेत म्हणून
ते आत कापूस भरतात.
गडहिंग्लजच्या एसटीत, खड्ड्याखड्ड्यांवर
मुकी बसून येते ती पिशवीत,
मेथीच्या जुडीखाली.
हे मीच शिकवलं त्यांना, बारा वर्षांपूर्वी.
तेव्हा असलं काही सुचायचं मला.

खोली क्रमांक सात. टेबल, दोन खुर्च्या,
तिसरी मोडकी, तिच्यावर रजिस्टरं बसतात.
दार नीट लागत नाही, म्हणून हळू बोलायचं.
"आधी घाबरू नका"
हे वाक्य इतक्यांदा म्हटलंय
की आता ते माझ्याआधी खुर्चीत येऊन बसलेलं असतं
आणि मी फक्त ओठ पुरवते.

शिरोलीच्या फाउंड्रीतला पोरगा रडतो,
मी घड्याळ बघते.
बघितलं, हे त्यालाही दिसतं.
डोळे पुसून म्हणतो,
सॉरी मॅडम, बाहेर लाइन आहे न्हवं.

त्या रात्री मला झोप लागली.
हेच वाईट.

काळजी घेणाऱ्यांची काळजी, असं एक शिबिर झालं
ताराबाई पार्कातल्या हॉटेलात.
फुगे वाटले. आपला ताण आत फुंका, म्हणाले,
गाठ मारा, फोडा.
मुजावर, आमचा लॅबवाला,
बोटात सुई गेली तेव्हा
अठ्ठावीस दिवस गोळ्या खाऊन, ओकून, कामावर येत होता,
त्यानं फुगा न फुगवताच खिशात घातला.
भाचीला नेतो म्हणाला.
पनीर बरं होतं.
अहवाल तीन प्रतींत द्यायचा होता.

सुलभा आवळे सिस्टर फेब्रुवारीत सोडून गेल्या.
भांडण नाही, राजीनाम्यात कारण नाही.
एका बाळाचा शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला,
अठरा महिन्यांनी,
आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले.
त्यांनी हातातच धरून ठेवला, मऊ होईपर्यंत.
म्हणाल्या, काहीच वाटंना गं मला.

रस्त्यात पेशंट दिसला तर ओळख द्यायची नाही.
हा नियम. शहाणा नियम आहे.
लग्नाच्या पंगतीत, शाहूपुरीत गुळाच्या पेठेत,
जोतिबाच्या पायऱ्यांवर, गुलालात चेहरे बुडालेले असले
तरी मला चालीवरून कळतात.
मी नजर आरपार नेते,
सुईतून दोरा न्यावा तशी.
हात बसलाय त्यात.
इतका, की परवा लेक जिन्यावरून पडली,
गुडघा फुटला, आणि मी तिला म्हणाले,
"आधी घाबरू नका.
तुमच्यासोबत कोणी आलंय का?"

ती रडायची थांबली.
बघत राहिली,
दारात आलेल्या परक्या बाईकडं बघावं तशी.

गंगावेशीत रात्री म्हशी येतात कट्ट्यावर.
काल तिला घेऊन गेले, पट्टी बांधलेला पाय लंगडत.
शेजारी आण्णाप्पा तारदाळे,
इचलकरंजीचा, मागावरचा जॉबर,
अकरा वर्षं माझ्या रजिस्टरात, पान दोनशे चार.
मी नजर आरपार नेली.
तो सरळ पुढं आला,
मिशीला फेस, सगळ्यांदेखत:
"बाई, तुमचाच काउंट उतरलाय जणू."
आणि म्हशीवाल्याला, बाईंस्नी मोठा पेला दे रं.

मला हसू आलं का, आठवत नाही.
पेला हाताला गरम लागला, म्हशीच्या अंगाइतका.
कोण गं ते? लेकीनं विचारलं.
या प्रश्नाची उत्तरं मी पाठ करून ठेवलीत:
मावशीच्या गावचे. लाइटबिलवाले.
चुकून हाक मारली बघ.
म्हणाले, ओळखीचे.

सकाळी लाइन जिन्यापर्यंत होती.
ड्रॉवरमध्ये अकरा महिन्यांचा करार आहे,
सही अजून केलेली नाही.
एक बाई आत आली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.
बसा, म्हणाले.
पुढचं वाक्य यायला वेळ लागला.
ती थांबली.
मीही.